एनसीसी की सीडीएस? साखळीच्या मुलीचा हिशोब

एनसीसीचं 'सी' सर्टिफिकेट मिळालेल्या मुलीला आमच्याकडे जो तो एकच सल्ला देतो: सैन्यात अधिकारी व्हायचं तर लेखी परीक्षेच्या भानगडीत पडू नकोस, स्पेशल एंट्रीने थेट एसएसबीला, म्हणजे निवड मंडळाच्या चाचण्यांना जा. सल्ला खोटा नाही. पदवीला ५० टक्के, सर्टिफिकेटला निदान 'बी' ग्रेड, एवढं असलं की लेखी परीक्षा माफ. पण हे सांगणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती अधिसूचना शेवटपर्यंत वाचलेली असते. जागांच्या तक्त्यात मुलींच्या रकान्यात पाच किंवा सहा असा आकडा असतो. साऱ्या देशाला मिळून. त्यातली एखादी पुन्हा युद्धात कामी आलेल्या किंवा जायबंदी झालेल्या जवानांच्या मुलींसाठी राखीव.

यूपीएससीच्या सीडीएस, म्हणजे पदवीधरांना सैन्यात अधिकारी करणाऱ्या लेखी परीक्षेतून मुलींना जी अकादमी मिळते तीही हीच, चेन्नईची ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी (ओटीए). प्रशिक्षण तेच, ४९ आठवड्यांचं. कमिशनही तेच, शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठरावीक वर्षांचं. जागा मात्र पंधरा-वीसच्या घरात. शिवाय अंतिम गुणवत्ता यादीत इंग्रजी आणि सामान्य ज्ञानाचे मिळून २०० गुण आणि एसएसबीचे २०० गुण धरतात. एनसीसीवाल्यांची यादी नुसत्या एसएसबीच्या गुणांवर लागते. म्हणजे ज्या मुलीचा अभ्यास बरा आहे तिच्या हातात सीडीएसमध्ये निम्मा डाव आधीच असतो. मी सीडीएसचा फॉर्म भरला तो या हिशोबाने. एनसीसीचाही भरलाच होता, सोडायचं कशाला?

हा हिशोब जमायला वेळ लागला, कारण आमच्या घरात सैन्यात कुणी नव्हतं. बाबांचा खाणीवर टिप्पर होता. गोव्यातल्या डिचोली-साखळीच्या पट्ट्यात ज्याच्या दारात टिप्पर त्याचं घर चाललं, असे ते दिवस होते. २०१२ ला पहिल्यांदा खाणी थांबल्या, मग २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि टिप्पर विकावा लागला. आता बाबा बालरथ, म्हणजे शाळेची बस चालवतात. अशा घरात मुलीने काय करावं याचं उत्तर ठरलेलं असतं: एलडीसी, म्हणजे सरकारी कारकुनी. गोव्यात एलडीसी ही नोकरीपेक्षा कुलदैवतासारखी गोष्ट आहे, कुणाकुणाचे पाय धरून का होईना, प्रसन्न करून घ्यायची. मी ग्रॅज्युएट व्हायच्या आधीच काकांनी पंधरा वर्षांच्या रहिवासी दाखल्याचे कागद मामलेदार कचेरीत जाऊन विचारून ठेवले होते.

मला सैन्य सुचलं ते एका बातमीमुळे. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलींना एनडीएच्या परीक्षेला बसू द्या असा अंतरिम आदेश दिला आणि यूपीएससीने सप्टेंबरअखेर खास मुलींसाठी फॉर्म उघडले. कोविडमुळे आमची बारावीची परीक्षाच रद्द झाली होती, बी.एस्सी.चं पहिलं वर्ष मोबाइलवर चाललं होतं, हातात वेळच वेळ होता. नोव्हेंबरात पणजीला जाऊन पेपर दिला. गणित ३०० गुणांचं, सामान्य क्षमता ६०० गुणांची, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. मुलींसाठी जागा होत्या १९: सैन्याच्या दहा, नौदलाच्या तीन, हवाई दलाच्या सहा. माझा नंबर त्या लेखी निकालात नव्हता आणि त्याचं मला फारसं दुःखही झालं नाही, कारण तयारी अशी झालीच नव्हती. पण परीक्षा केंद्राबाहेर इतक्या मुली उभ्या पाहिल्या की हे आपल्याच डोक्यात आलेलं काही विचित्र खूळ नाही, एवढं कळलं. त्या पहिल्या तुकडीतल्या १७ मुली ३० मे २०२५ ला खडकवासल्याहून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. तो दिवस मी मोबाइलवर पुन्हा पुन्हा बघितला.

एनडीएचं वय साडेएकोणीसला संपतं. ते दार मिटल्यावर कॉलेजात एनसीसी घेतली. आमचं गोवा एनसीसीत कर्नाटकाबरोबर येतं, त्यामुळे कॅम्पला कानडी मुली खूप भेटतात आणि त्यांच्यापुढे आपलं हिंदी किती गोव्याचं आहे ते समजतं. 'बी' आणि मग 'सी'. ड्रिल मला मनापासून आवडली असं नाही. आवडला तो नकाशा. होकायंत्र आणि ग्रिड रेफरन्स घेऊन माळावर एखादा बिंदू शोधून काढायचा, ह्यात मला जी मजा आली ती प्रयोगशाळेत कधी आली नव्हती.

तिसऱ्या वर्षी खरा प्रश्न उभा राहिला: कुठलं दल? गोव्यात राहणाऱ्याला नौदल डोळ्यांसमोर असतं. दाबोळीचा विमानतळच मुळी आयएनएस हंसाच्या आवारात. वेरेंच्या आयएनएस मांडवीत २००९ पर्यंत नौदल अधिकारी घडत होते, मग अकादमी केरळात एळिमलाला गेली आणि तिथे नेव्हल वॉर कॉलेज आलं. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की गोव्याची मुलगी म्हणजे नौदल. पण साखळीहून समुद्र बघायला कदंबा बसने पणजी गाठावी लागते. आमच्याकडे आहे ती वाळवंटी नदी, आणि तिच्यातही मी गुडघ्याच्या वर गेलेली नाही. हवाई दलाची एएफकॅट ही प्रवेश परीक्षा दिली: १०० प्रश्न, ३०० गुण, दोन तास. मी ग्राउंड ड्युटीसाठी भरलं होतं. फ्लाइंगसाठी जाणाऱ्या मुलींना एक संगणकीय चाचणी असते, ती जन्मात एकदाच देता येते. नापास झालं की वैमानिक व्हायचं दार कायमचं बंद. ते ऐकूनच माझे हात गार पडले होते.

याच सुमारास बाबांशी बसून बोलणं झालं, आणि ते कुठल्याही मुलाखतीपेक्षा कठीण होतं. त्यांना आधी वाटलं मी अग्निवीर होतेय.

"चार वर्षांनी परत घरी येणार ना गो?"

मी सांगितलं, ते जवानांचं, हे अधिकाऱ्यांचं. हे दहा वर्षांचं, वाढवून चौदा.

"म्हणजे पेन्शन नाही."

बाबा शाळा अर्धवट सोडलेले, पण नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवतात. अधिकाऱ्याला पेन्शनसाठी वीस वर्षं सेवा लागते. चौदा वर्षांनी बाहेर पडलं तर ग्रॅच्युइटी मिळते, पेन्शन मिळत नाही. मग मी कागदावर लिहून दाखवलं. एलडीसीचा मूळ पगार १९,९००. लेफ्टनंटचा ५६,१००, वर १५,५०० मिलिटरी सर्व्हिस पे, आणि प्रशिक्षणातसुद्धा ५६,१०० विद्यावेतन. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२० च्या निकालानंतर बायकांनाही दहा वर्षांनी कायम कमिशनसाठी विचारात घेतात. सिग्नल्स, इंजिनिअर्स, ऑर्डनन्स, सर्व्हिस कोअर, २०२३ पासून तोफखानाही. पायदळ आणि रणगाडे अजून नाहीत. बाबांनी कागद बराच वेळ बघितला आणि विचारलं, "रहिवासी दाखला लागत नाही?" नाही म्हटल्यावर ते पहिल्यांदा हसले. इथे कुणाला भेटायला जायचं नाही, कुणाची चिठ्ठी न्यायची नाही, ही गोष्ट त्यांना पगारापेक्षा जास्त पटली असं माझं मत आहे.

नागरिकत्व मात्र लागतं, आणि गोव्यात हे वेगळं सांगायला हवं. सासष्टीतली माझी एक एनसीसीची मैत्रीण, तिच्या घरात लिस्बनला जन्मनोंदणी करून पोर्तुगीज पासपोर्ट घ्यायचं चाललं होतं. भाऊ गेला, ती थांबली. घरातल्यांनी तिला वेड्यात काढलं. सध्या ती नौदलाच्या मागे आहे.

एएफकॅटवरून म्हैसूरच्या एसएसबीला बोलावणं आलं. तिथे पहिल्याच दिवशी स्क्रीनिंग होतं: आधी बुद्धिमापनाचे प्रश्न, मग एक धूसर चित्र तीस सेकंद दाखवतात, चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची, ती गटात सांगायची आणि सगळ्यांनी चर्चा करून एक सामायिक गोष्ट ठरवायची. कोचिंग करून आलेल्या मुली सगळ्या एकदम सुरू झाल्या. माझं एक वाक्य पुरतं बाहेर पडलं नाही. दुपारपर्यंत चेस्ट नंबर वाचून दाखवले, माझा नव्हता, संध्याकाळी परतीची गाडी.

सीडीएसच्या एसएसबीची, बंगळूरची गोष्ट वेगळी झाली. मधल्या काळात सीडीएसची लेखी परीक्षा पार पडली होती. ओटीएला गणिताचा पेपर नसतो, ही माझ्यासारख्यांसाठी मोठीच सवलत. इंग्रजीची मला धास्ती होती, कारण चौथीपर्यंत मराठी शाळा आणि पाचवीपासून एकदम इंग्रजी, हा गोव्यातल्या सरकारी शाळांचा क्रम आमच्या इंग्रजीत कुठेतरी फट ठेवतोच. ती फट मी वाचनालयातल्या इंग्रजी वर्तमानपत्राचे अग्रलेख रोज वहीत उतरवून बुजवली. कोचिंग लावलं नाही. पणजीत एका ठिकाणी विचारून आले होते. त्यांनी 'तयार उत्तरं' देतो म्हटलं आणि मी तिथून उठले.

मडगावहून यशवंतपूरची गाडी रात्री कुळ्याहून घाट चढते. डब्यात झोप आली नाही. एसएसबीच्या पहिल्या फेरीला रेल्वेचं थ्री टायर एसीचं भाडं मिळतं, म्हणून तिकीट जपून ठेवलं होतं. बाबांनी गाडी सुटता सुटता खिडकीतून त्याचीच पुन्हा आठवण केली.

स्क्रीनिंगच्या चर्चेत यावेळी मी पहिल्या गोंगाटात तोंड उघडलंच नाही. सगळ्या दमल्यावर एक क्षण शांतता पडते, ती येतेच. तेव्हा मी एवढंच म्हटलं, की सात जणींच्या गोष्टीत चित्रातली बाई डॉक्टर आहे, तेवढं धरून पुढे जाऊ. बाकीच्यांनी तो धागा पकडला. आत घेतलं गेलं ते बहुधा त्या एका वाक्यावर.

दुसरा दिवस मानसशास्त्राचा. बारा चित्रांवर बारा गोष्टी, प्रत्येकीला चार मिनिटं, आणि बारावं चित्र कोरंच. मग साठ शब्द, पंधरा सेकंदांना एक, मनात येईल ते वाक्य लिहायचं. मग तीस मिनिटांत साठ प्रसंग. शेवटी स्वतःबद्दल: आई काय म्हणेल, शिक्षक काय म्हणतील, तुम्ही स्वतः काय म्हणाल. लिहिता लिहिता बोटं वळेनाशी होतात आणि खोटं बोलायला सवडच उरत नाही. ह्या चाचण्यांचा तोच हेतू असावा. कोऱ्या चित्रावर मी टिप्पर विकल्यावर बालरथ चालवणाऱ्या माणसाची गोष्ट लिहिली. नाव बदललं, एवढंच.

मैदानावरचे दोन दिवस मला आवडले. गटाला एक फळी, एक बल्ली, एक दोर देतात. जमिनीवर खांब आणि ओंडके रोवलेले असतात. लाल रंगाला हात, पाय, सामान काहीच लावायचं नाही. दोन खांबांमधलं अंतर फळीपेक्षा नेमकं वीतभर जास्त ठेवलेलं असतं. आमच्या गटात एक मल्याळी मुलगी होती, अंगाने अगदी काडी. बाकी सगळ्या दोराच्या गाठीवर वाद घालत होत्या. मी फळीच्या मागच्या टोकावर बसले आणि तिला म्हटलं, पुढे जा, मी भार देते. दुसरी आणखी एक माझ्या मांडीवर बसली. फळी अर्धी हवेत, ती मुलगी टोकापर्यंत गेली आणि दुसऱ्या बाजूने बल्ली टेकवली. परीक्षक अधिकारी वहीत काहीतरी लिहीत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेल ही आशा सोडूनच मैदानात उतरावं. वैयक्तिक अडथळे दहा, वेळ तीन मिनिटं. सगळे कुणाचेच होत नाहीत, माझेही झाले नाहीत. टायगर लीपला मी वर चढून खाली पाहिलं, आणि मग पाहिल्याचा पश्चात्ताप करत उडी मारली.

मुलाखत घेणारे अधिकारी आधी खूप प्रश्न एका दमात विचारतात: दहावीचे गुण, आवडते शिक्षक, नावडते शिक्षक, मैत्रिणी, घरात कुणाशी जास्त पटतं, सगळं एकत्र. मग सावकाश एकेक. खाणबंदीवर ते बराच वेळ थांबले. वडिलांच्या बाजूने बोलतेस की पर्यावरणाच्या, असं विचारलं. मी म्हटलं, खाणीने आमचं घर चालवलं आणि आमच्याच शेजाऱ्यांच्या शेतात मातीही तीच आली, दोन्ही मी पाहिलंय. गोव्याची असून नौदल का नको, ह्यावर मी वाळवंटी आणि गुडघ्यांचं खरंखुरं सांगितलं. ते मोठ्याने हसले. मग १९६१ च्या, गोवा मुक्त करणाऱ्या ऑपरेशन विजयवर आले. मेजर जनरल कँडेथ, ब्रिगेडियर सगतसिंग यांची ५० पॅराशूट ब्रिगेड, अंजदीव बेटावर उतरताना कामी आलेले सात नौसैनिक, एवढं मला माहीत होतं. एकोणीस डिसेंबरला सुट्टी असते म्हणून नाही. त्या दिवशी शाळेत दरवर्षी माझंच भाषण असायचं म्हणून.

शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स, मग पुन्हा चेस्ट नंबर. गटातल्या बहुतेक जणी सामान उचलून गेल्या. मी राहिले, आणि ती मल्याळी मुलगीही.

मेडिकलबद्दल मात्र लोक पुरेसं सांगत नाहीत, म्हणून लिहिते. कानातला मळ काढून जा. शेकड्यात किती ते मला माहीत नाही, पण माझ्याबरोबरच्यांतल्याही एकीला त्यावरून अडवलं. दातांचे गुण मोजतात, चौदा लागतात. गुडघे जोडून उभं करतात, हात लांब करून कोपर बघतात. मला थांबवलं हिमोग्लोबिनवर. तात्पुरती अपात्र असा शिक्का, आणि ४२ दिवसांच्या आत अपील मेडिकल बोर्डापुढे उभं राहायची मुभा. घरी आल्यावर आईने तांबडी भाजी आणि नाचणीचा जो मारा सुरू केला त्याला तोड नव्हती. पण काम केलं ते डॉक्टरांच्या लोहाच्या गोळ्यांनी, हे मी आईला अजून सांगितलेलं नाही. दुसऱ्या लष्करी रुग्णालयात अपीलात पास झाले.

त्यानंतरची वाट बघणं वाईट. एसएसबीने शिफारस केली, मेडिकल झालं, म्हणजे निवड झाली असं गाव धरून चालतं. तसं नसतं. शिफारस झालेल्यांची गुणवत्ता यादी लागते आणि जागा संपल्या की रेघ ओढतात. त्या रेघेखाली पात्र, धडधाकट मुली असतात. एनसीसीच्या यादीत जागा पाच-सहा असतील तेव्हा ती रेघ किती वर येते ते सांगायला नको. माझं नाव सीडीएसच्या यादीत रेघेच्या वर आलं. माझे एसएसबीचे गुण काही डोळे दिपवणारे नव्हते; लेखीने ओढून नेलं. आमच्या कॉलेजातल्या एनसीसीच्या मुलींना मी आता अधिसूचनेतला तो तक्ता आधी दाखवते, बाकी गप्पा नंतर.

ऑक्टोबरात चेन्नईला हजर व्हायचं पत्र आलं तेव्हा घरात पाहुणे होते. मावशीने माझ्यासाठी दोन स्थळं काढून ठेवली होती, एक म्हापशाचं, एक बांद्याचं. प्रशिक्षण पुरं होईपर्यंत लग्न करता येत नाही, केलं तर काढून टाकतात, हे तिला तोंडी पटेना. शेवटी अधिसूचनेतला तो परिच्छेद मोबाइलवर मोठा करून तिच्यापुढे धरला. तिने चष्मा लावून सगळा वाचून घेतला.

"किती महिने म्हणालीस?"

"४९ आठवडे."

मावशीने बोटांवर महिने मोजले आणि आईकडे वळून म्हणाली, "मग काय, पुढच्या वर्षीच्या तुळशीच्या लग्नानंतर बघायला हरकत नाही."